एड्स कशाने होत नाही : एका यादीचा इतिहास

आमची पिढी शाळेत जात होती त्या १९९०च्या दशकात एसटी स्थानकाच्या, सरकारी दवाखान्याच्या, कधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोन रकान्यांची एक यादी रंगवलेली दिसे. डाव्या रकान्याचे शीर्षक 'एड्स कशाने होतो' आणि उजव्याचे 'एड्स कशाने होत नाही'. उजवा रकाना चित्रांनी भरलेला असे : हातात हात दिलेली दोन माणसे, एका ताटात जेवणारी मुले, दोरीवर वाळणारे कपडे, शौचालयाचे दार, आणि एक भलामोठा डास. डाव्या रकान्यात मात्र बहुधा शब्दच असत : असुरक्षित संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, बाधित मातेकडून बाळाला. ही यादी आम्हां सर्वांना पाठ होती. 'संबंध' म्हणजे नेमके काय आणि तो 'असुरक्षित' कशाने होतो, हे विचारण्याची सोय मात्र घरात नव्हती. वर्गात तर नव्हतीच.

ती यादी खरी होती. चाळीस वर्षांच्या संशोधनानंतरही तिच्यातील मुख्य विधानांपैकी एकही खोडावे लागलेले नाही. आणि तरीही २००९ साली लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे एचआयव्हीसह जगणारी मुले गावच्या शाळेत येऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपापली मुले शाळेतून काढून घेतली. एका बाकावर बसल्याने हा रोग होत नाही, हे तोपर्यंत वर्षानुवर्षे भिंतींवरून सांगितले जात होते. मग ते त्यांना पटले का नाही?

या प्रश्नाला 'अज्ञान' असे एका शब्दाचे उत्तर दिले जाते. आम्हांला ते अपुरे वाटते. या यादीचा इतिहास तपासताना आमच्या ध्यानात असे आले की, उजवा रकाना पटण्यासाठी डावा रकाना आधी समजावा लागतो. रोग कशाने होतो हे ज्या समाजात मोकळेपणाने सांगितले जात नाही, त्या समाजाला तो कशाने होत नाही हेही पटत नाही. रिकाम्या राहिलेल्या डाव्या रकान्यात मग जुनी भीती आपोआप येऊन बसते. आणि आपल्याकडे जुनी भीती म्हणजे स्पर्शाची भीती.

आरंभापासून सुरुवात करू. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. पाचही जण समलिंगी होते. रोगाला नाव नव्हते, कारण ठाऊक नव्हते. ठाऊक होती ती फक्त माणसे. पुढील दीड-दोन वर्षांत या माणसांची एक यादीच तयार झाली. समलिंगी पुरुष, शिरेतून हेरॉइन घेणारे, हिमोफिलियाचे रुग्ण आणि हैती देशातून आलेले स्थलांतरित. इंग्रजीत या चारही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्याने 'चार एच' असा एक क्रूर संक्षेपही रूढ झाला. एखाद्या संपूर्ण देशाच्या नागरिकांना रोगाचा गट ठरवण्याचा हा प्रकार होता. १९८५ साली हैतीच्या लोकांचे नाव त्या यादीतून काढले गेले. परंतु तोवर त्यांच्यापैकी अनेकांना नोकऱ्या आणि घरे गमवावी लागली होती.

रोगाच्या वाटांची यादी माणसांच्या यादीमागून आली. तीही, खरे पाहता, फार लवकर आली. १९८२च्या जुलैमध्ये हिमोफिलियाच्या रुग्णांतील नोंदींवरून रक्तघटकांची वाट दिसली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रक्त दिलेल्या एका बालकाची, तसेच बाधित मातांच्या पोटी जन्मलेल्या बालकांची नोंद झाली. १९८३च्या जानेवारीत बाधित पुरुषांच्या स्त्री-जोडीदारांत हा रोग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे रक्त, सुई, शरीरसंबंध आणि मातेकडून बालकाला, या चारही वाटा सापडल्या तेव्हा विषाणू कोणी पाहिलाही नव्हता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंताग्निए यांच्या चमूने तो शोधल्याचे १९८३च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले. 'एचआयव्ही' हे नाव तर १९८६ साली ठरले. कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, एवढ्या निरीक्षणावरून वाटा शोधून काढण्याचे हे काम साथरोगशास्त्राच्या मोठ्या यशांपैकी एक म्हणावे लागेल.

या यशात एक ठेच लागली, तीही सांगितली पाहिजे. १९८३च्या मे महिन्यातच एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बालरुग्णांविषयीचा लेख आणि त्यावरील संपादकीय आले. घरातील नेहमीच्या निकट सहवासातूनही हा रोग पसरत असण्याची शक्यता त्यात बोलून दाखवली होती. वृत्तपत्रांनी ती उचलली. सप्टेंबर १९८३ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने साध्या सहवासाने, अन्नपाण्याने, हवेने वा वस्तूंच्या स्पर्शाने हा रोग पसरत नसल्याचे स्पष्ट केले. पण शंका आणि खुलासा यांत लोकांच्या मनात टिकून राहते ती शंका, हा अनुभव इथेही आला.

खुलाशापेक्षा पुरावा महत्त्वाचा. तो देणाऱ्या दोन अभ्यासांचा उल्लेख येथे करावासा वाटतो. कारण भिंतीवरील चित्रांमागे काय परिश्रम होते याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

पहिला अभ्यास न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातला. जेराल्ड फ्रीडलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ एड्सरुग्णांच्या घरांतील १०१ माणसांची तपासणी केली. ही माणसे रुग्णांचे लैंगिक जोडीदार नव्हती. भाऊ, बहीण, आई, मुले अशी होती आणि किमान तीन महिने त्याच घरात राहिलेली होती. घरे बहुतेक गरिबांची आणि दाटीवाटीची. एकच न्हाणीघर, एकच शौचालय, तेच टॉवेल, तीच भांडी. काही घरांत तर दात घासण्याचा ब्रश आणि वस्तरासुद्धा समाईक. मिठी मारणे, मुका घेणे हे तर घरोघर चालूच होते. १०१ जणांपैकी फक्त एका पाच वर्षांच्या मुलीत लागण आढळली आणि ती तिला जन्माच्या वेळीच आईकडून झाली असावी, असे अभ्यासकांनी दाखवले. हा निबंध १९८६च्या फेब्रुवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एका ताटात जेवणाऱ्या मुलांच्या चित्रामागे अशा शंभर माणसांच्या रोजच्या जगण्याचा आधार आहे.

दुसरा अभ्यास डासाविषयीचा. फ्लोरिडातील बेल ग्लेड या गरीब शेतमजुरांच्या गावात १९८५च्या सुमारास एड्सचे प्रमाण असाधारण आढळले. गावाभोवती दलदल, घरांत डास. तेव्हा हा रोग डासच पसरवत असणार, असा तर्क पुढे आला. तर्क हास्यास्पद नव्हता. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दाखवल्यापासून रक्त पिणाऱ्या कीटकावर संशय घेणे हे शहाणपणाचेच मानले जाते. बेल ग्लेडमध्ये घरोघर रक्ततपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८८ साली 'सायन्स'मध्ये आले. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत आणि साठीच्या पुढच्या माणसांत लागण मुळीच नव्हती. होती ती प्रामुख्याने तरुण व प्रौढ वयात, शरीरसंबंध आणि सुया यांच्या वाटेवर. डास काही माणसाचे वय विचारून चावत नाही. तो दोषी असता तर अंगणात उघड्या अंगाने खेळणारी मुले पहिल्यांदा सापडली असती. पुढे जीवशास्त्रानेही याला दुजोरा दिला : डास चावताना आपली लाळ टोचतो, आधीच्या माणसाचे रक्त नव्हे, आणि हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही.

तात्पर्य, १९८८ पर्यंत उजवा रकाना पुराव्यानिशी सिद्ध झाला होता. एचआयव्ही हा बाहेरच्या जगात अतिशय दुबळा विषाणू आहे. रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध एवढ्याच द्रवांत तो लागण होण्याइतक्या प्रमाणात असतो. लाळ, घाम, अश्रू यांतून ती होत नाही. शरीराबाहेर, विशेषतः द्रव वाळल्यावर, तो निष्प्रभ होतो. न्हाव्याच्या वस्तऱ्याची धास्ती आपल्याकडे फार. तिथेही प्रश्न एका माणसाचे ताजे रक्त दुसऱ्याच्या जखमेत जाण्याचा आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आता हीच वर्षे आपल्याकडे कशी गेली ते पाहू. भारतातील लागणीचा पहिला पुरावा १९८६ साली चेन्नईत मिळाला. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या तरुण संशोधिकेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोर येथील तपासणीत त्यांतील काहींत लागण आढळली. शोध धाडसाचा आणि महत्त्वाचा होता. परंतु आपल्याकडेही आरंभ माणसांच्या यादीनेच झाला, हे विसरता येत नाही. तपासणी जिथे केली तिथे रोग सापडला, आणि जिथे सापडला तिथलीच माणसे रोगाचे कारण ठरली.

त्यानंतर तीन वर्षांनी गोव्यात जे घडले ते मराठी वाचकाने मुळातून जाणून घ्यावे असे आहे. डॉमिनिक डिसोझा हे एकोणतीस वर्षांचे गृहस्थ नियमित रक्तदान करीत. त्यांनी दिलेल्या रक्तात लागण आढळली. त्यांना हे समजावून सांगण्याऐवजी १९८९च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि म्हापसा येथील एका वापरात नसलेल्या क्षयरुग्णालयात कोंडून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एड्सबाधितांना अलग ठेवण्याची तरतूद आधीच करण्यात आली होती. ६४ दिवस ते तिथे होते. त्यांची आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. आनंद ग्रोवर यांनी बाजू मांडली. डॉमिनिक यांची कोठडीतून सुटका झाली, पण कायद्यातील विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या नावाने वैधच ठरवली. नोकरी गेल्यावर त्यांनी १९९२ साली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करण्यास हात घातला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ओनीर यांचा 'माय ब्रदर... निखिल' हा २००५चा चित्रपट त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेला आहे.

या घटनेची तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. ब्राँक्सचा अभ्यास प्रसिद्ध होऊन तीन वर्षे झाली होती. १९८७च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रुग्णालयात राजकन्या डायाना यांनी हातमोजा न घालता एड्सरुग्णाचा हात हातात घेतल्याचे छायाचित्र जगभर छापले गेले होते. माणूस कोंडून या रोगाची एकही वाट बंद होत नाही, हे ज्ञान उपलब्ध होते.

इथे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीचा प्लेग आठवावा. १८९७ साली पुण्यात रँडच्या प्लेग समितीने घरे धुंडाळली, माणसे छावण्यांत नेली. त्या संतापाची परिणती रँडच्या वधात झाली, हे आपण शाळेत शिकतो. परंतु प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे रँडच्या शिपायांना रोगाची वाट ठाऊक नव्हती. त्यांच्या अरेरावीचे समर्थन करता येत नाही, पण अज्ञानाची सबब तरी त्यांना होती. म्हापशाला ती नव्हती. रोगाची वाट ठाऊक नसताना माणूस कोंडणे ही साथीची एक शोकांतिका. वाट ठाऊक असताना माणूस कोंडणे याला आरोग्य-उपाय म्हणता येत नाही. ती शिक्षा असते.

अंतर राखणे हाच जिथे उपाय असतो अशाही साथी असतात. २०२० साली कोविडच्या काळात आपण सर्वांनी ते अनुभवले; तो रोग श्वासातून पसरत होता. अंतर योग्य की अयोग्य हे रोगाच्या वाटेवरून ठरते. एचआयव्हीच्या बाबतीत ते रोग्याच्या चारित्र्याच्या कल्पनेवरून ठरवले गेले.

याच न्यायालयाने आठ वर्षांनी आपली दिशा बदलली, ही नोंदही तितकीच महत्त्वाची. १९९७च्या 'एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.' या खटल्यात एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला केवळ लागण असल्यामुळे काम नाकारण्यात आले होते. कामास तो शारीरिकदृष्ट्या समर्थ असेल आणि कामाच्या ठिकाणी इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर त्याला नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिला. त्याचे नाव गुप्त ठेवण्यासही परवानगी दिली. भिंतीवरचा उजवा रकाना अशा रीतीने कायद्याच्या भाषेत उतरला. संसदेने एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा २०१७ साली केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. शिक्षण, नोकरी, उपचार, निवास यांतील भेदभावास त्याने मनाई केली.

न्यायालयाने स्वीकारले ते गावाने का स्वीकारले नाही? या प्रश्नासाठी आता डाव्या रकान्याकडे वळू.

भाषेचे अध्यापक या नात्याने आम्हांला त्या रकान्यातील शब्दांविषयी बोलणे भाग आहे. 'संसर्ग' हा शब्दच घ्या. त्याचा मूळ अर्थ सहवास, संगत. मराठीत संगतीने लागणारा दोष आणि जंतूने होणारी लागण या दोहोंसाठी हा एकच शब्द चालतो. त्यामुळे 'संसर्गजन्य रोग' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात सहवास आणि दोष एकदमच येतात. 'पण सहवासाने होत नाही' हे पुढचे वाक्य त्याला विरोधाभासाचे वाटते. 'गुप्तरोग' हा शब्द तर लपवण्याची आज्ञाच देतो. आणि 'असुरक्षित संबंध' या जोडशब्दात न सांगितलेले इतके आहे की ऐकणारा त्यात हवे ते भरू शकतो. कोणी 'परक्या स्त्रीशी संबंध' असा अर्थ घेतला, कोणी 'अस्वच्छ संबंध' असा, तर कोणी 'बायको सोडून' असा. यांपैकी एकही अर्थ बरोबर नाही. लागण असलेल्या आणि उपचारावर नसलेल्या जोडीदाराशी निरोध न वापरता केलेला योनिमैथुन वा गुदमैथुन, एवढाच त्याचा अर्थ. मग तो जोडीदार लग्नाचा असो वा नसो. हे एक वाक्य त्या भिंतींवर सहसा लिहिले गेले नाही.

मराठीत असे लिहिता येत नव्हते, असे मात्र कोणी म्हणू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. शरीरसंबंध, संततिनियमन आणि गुप्तरोग यांविषयी त्यांनी शास्त्रशुद्ध, निःसंकोच मराठी लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. म्हणजे डावा रकाना भरण्यास लागणारी भाषा साथ येण्याच्या पन्नास वर्षे आधी तयार होती. ती वापरायची नाही, हा आपला निर्णय होता.

त्या निर्णयाची किंमत कोणी दिली हे पुण्यातील एका अभ्यासाने दाखवले. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी केली. त्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित आणि पतीशी एकनिष्ठ. त्यांच्यात लागणीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. हा निबंध १९९७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा' हा त्या काळच्या प्रचाराचा मुख्य उपदेश होता आणि या स्त्रियांनी तो तंतोतंत पाळला होता. त्यांची लागण त्यांच्या वागण्यामुळे झाली नव्हती. परंतु गावाने पाहिले ते एवढेच की, पापाचा म्हणून सांगितलेला रोग एका निष्पाप बाईला झाला. आता याचा उलगडा कसा करायचा? एक तर बाई तशी असली पाहिजे, किंवा हा रोग सांगतात त्याहून वेगळ्या वाटेने पसरत असला पाहिजे. हवेने, ताटाने, स्पर्शाने. नवऱ्याकडून बायकोला होतो, ही खरी वाट कोणी मोठ्याने उच्चारलीच नव्हती.

रक्ताचेही असेच झाले. पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक रक्तदाते हा आपल्याकडील रक्तपुरवठ्याचा एक मोठा आधार होता आणि रक्तपेढ्यांवर पुरेसे नियंत्रण नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'कॉमन कॉज'च्या याचिकेवर आदेश दिला, तेव्हा कोठे परवान्याची शिस्त आली आणि १९९८ पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली. ही वाट व्यक्तीच्या नीतीशी संबंधित नव्हती, व्यवस्थेच्या हलगर्जीपणाशी होती. म्हणून तिची चर्चा सर्वांत कमी झाली. २०११ साली गुजरातमधील जुनागढ येथे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलसेमियाग्रस्त मुलांत लागण आढळली, तेव्हा ती वाट पुरती बंद झालेली नाही हे पुन्हा दिसले.

डावा रकाना स्पष्ट मराठीत सांगणारे कोणीच नव्हते असे नाही. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने, आणि पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'त एकत्र आलेल्या स्त्रियांनी, निरोध कसा वापरावा आणि गिऱ्हाइकाला त्यासाठी कसे राजी करावे हे एकमेकींना समजावले. माणसांच्या यादीत ज्यांना पहिल्या ओळीत बसवले होते, त्यांनीच वाटांची यादी सर्वांत आधी नीट वाचली. याउलट २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली थांबवण्यात आला. हासेगावची घटना त्यानंतर दोन वर्षांची. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु शाळेच्या दारातून डावा रकाना बाहेर काढल्यावर त्याच दारात मुले अडवली गेली, हे नजरेआड करणे आम्हांला जमत नाही.

उजव्या रकान्याची खरी अडचण आता उमगावी. तो जे नाकारत होता ते केवळ एक चुकीचे अनुमान नव्हते. एका ताटात न जेवणे, पाणी वरून घालणे, सावली टाळणे, कपडे वेगळे ठेवणे, ही रोगापासून बचावाची साधने म्हणून आपल्याकडे आलेलीच नव्हती. माणसाचा दर्जा ठरवण्याची ती जुनी रीत होती आणि तिला विटाळ असे नाव होते. १८९७च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या आणि त्याच साथीत मृत्यू पावलेल्या सावित्रीबाईंना हे दोन्ही ठाऊक होते : रोगाचा धोकाही आणि विटाळाचा खोटेपणाही. २००३ साली केरळमध्ये शाळेने नाकारलेल्या दोन बाधित भावंडांना तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी जवळ घेतले, तेव्हा त्या कृतीचे महत्त्व वैद्यकीय नव्हते. एका जुन्या रीतीला दिलेले ते उघड उत्तर होते.

या यादीत अलीकडे भर पडली आहे, आणि हा लेख लिहिण्याचे तेच खरे निमित्त. २०११ साली नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले; जोडप्यातील एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. आपल्या पुण्यातील आणि चेन्नईतील जोडपीही त्यांत होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते असे दिसले. पुढे २०१६ आणि २०१९ साली युरोपातील अभ्यासांनी याहून स्पष्ट उत्तर दिले. औषधाने ज्यांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली आले होते, त्यांच्यापासून निरोधाविना झालेल्या हजारो शरीरसंबंधांत जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही. नियमित औषध घेणाऱ्या, विषाणू दबलेल्या माणसापासून शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही, हे आता प्रस्थापित ज्ञान आहे. समाईक सुईला ते लागू नाही. मातेकडून बालकाला होणाऱ्या लागणीचे प्रमाण उपचाराविना १५ ते ४५ टक्के असते. मातेने वेळेवर औषध घेतल्यास ते पाच टक्क्यांच्या खाली येते. भारतात ही औषधे सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली आणि २०१७ पासून लागण कळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

देशात आज सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक आहे. त्यांच्यापैकी जे नियमाने औषध घेतात, त्यांच्यासाठी ही नवी ओळ म्हणजे विवाहाचा, अपत्याचा, साध्या जवळिकीचा मार्ग मोकळा होणे आहे. ही ओळ उजव्या रकान्यात लिहायची आहे. आणि तिची गंमत अशी की ती डाव्या रकान्याची भाषा वापरल्याशिवाय लिहिताच येत नाही. 'शरीरसंबंधाने होत नाही, जर...' असे वाक्य लिहिण्यासाठी 'शरीरसंबंधाने होतो' हे आधी मोकळेपणाने म्हणावे लागते. हस्तांदोलनाचे चित्र काढून इथे भागणार नाही.

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी १ डिसेंबरला भित्तिपत्रकांची स्पर्धा होते. मुले अजूनही ताट, टॉवेल आणि डास रंगवतात. डाव्या बाजूला सुवाच्य अक्षरांत 'असुरक्षित संबंध' लिहितात. आम्ही परीक्षक म्हणून वर्षानुवर्षे त्यांना गुण देत आलो आणि त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांना कधी विचारला नाही. तो विचारण्याचे, आणि त्यांना सांगता आला नाही तर साध्या मराठीत सांगण्याचे, काम शेवटी आमचेच आहे. या वर्षीपासून ते करायचे ठरवले आहे.